गप्प बसायची परीक्षा

परवा तासगावचे पाव्हणे मोबाइल पुढं करून म्हणाले, हे बघा, सांगलीवरनं विमान चाललंय, उंची ३५ हजार फूट, रडार किती भारी! अहो, साधं रडार अंतर आणि दिशा सांगतं, उंची विमान स्वतःच सांगतं, ट्रान्सपॉन्डर नावाच्या डब्यातनं. म्हणजे उसाचं वजन शेतकऱ्यानंच सांगायचं आणि कारखान्यानं लिहून घ्यायचं, तसलं. १२ नोव्हेंबर १९९६ ला चरखी दादरीवर दोन विमानं धडकून ३४९ माणसं गेली, तेव्हा दिल्लीच्या रडारवर उंची दिसतच नव्हती, पायलट बोलेल ती खरी.

म्हणून डब्याचं पण काट्यासारखं पासिंग असतं, अमेरिकेच्या नियमात दर २४ महिन्यांनी. डब्याशी बोलणारं वेगळं रडार १०३० मेगाहर्ट्झवर विचारतं, डबा १०९० वर उत्तर देतो, ते सरकलंय का, पॉवर किती हे बघतातच. पण मला आवडते ती गप्प बसायची टेस्ट. रडारची फिरती अँटेना दोन पल्स म्हणजे सिग्नलचे ठोके सोडते, मधे ८ मायक्रोसेकंद असले तर विमानाचा ओळखीचा कोड विचारलाय, २१ असले तर उंची. गोची अशी की अँटेनाच्या बाजूनं पण थोडा सिग्नल गळतो, आणि जवळचं विमान त्याला पण उत्तर देत बसलं तर स्क्रीनवर एकाच विमानाचं कडं उमटतं. मग पहिल्या पल्सनंतर २ मायक्रोसेकंदांनी आणखी एक पल्स चहूकडं सारखी सोडतात. अँटेनाचं तोंड विमानाकडं असेल तर पहिली पल्स हिच्यापेक्षा दणकट लागते, गळती असेल तर ही बरोबरीची किंवा वरचढ. बरोबरीची असताना डब्यानं शंभरात एकापेक्षा जास्त उत्तरं द्यायची नाहीत, ही ९ डेसिबलनं कमी असली की नव्वद तरी द्यायचीच.

खंडेनवमीला हँगरमध्ये हार घाला, लिंबू बांधा, माझं काही म्हणणं नाही, पण ही आकडेवारी टेस्ट सेटच काढतो.

उंचीची टेस्ट तर बघण्यासारखी. विमान जमिनीवर, चाकाला ठोकळे, आणि पंपानं उंचीच्या मीटरच्या नळीतली हवा ओढत जायची की काटा चढायला लागतो, दहा हजार, वीस हजार. डबा सांगतो ती उंची आणि १०१३.२५ हेक्टोपास्कल या ठरलेल्या हवेच्या दाबाला लावलेल्या मीटरची उंची यात १२५ फुटांपेक्षा जास्त फरक चालत नाही. पण त्याआधी अँटेनावर टोपी चढवतात, नाहीतर वरनं जाणाऱ्या खऱ्या विमानाला वाटायचं, हे वीस हजारावर कोण आडवं आलं.