वंध्यत्वोपचार आणि जनुकीय भिन्नता (ग्रामीण विदर्भ)

वंध्यत्वावरचे औषध एकच असले तरी ते कोणाला किती लागू पडेल, हे काही अंशी जनुकांवर अवलंबून असते. वय, वजन, बीजांडकोशातील उरलेला बीजसाठा आणि जुने संसर्ग यांचा वाटा मात्र सहसा मोठा. राणी व अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत केलेल्या पाहणीत (लॅन्सेट, १९८९) ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग आढळला होता. अशा संसर्गाने गर्भनलिका बंद झाल्या असतील, तर जनुके कितीही अनुकूल असोत, गोळ्यांनी भागत नाही.

बीजवाढीच्या इंजेक्शनांत एफएसएच हे संप्रेरक असते. पेशीवरील ज्या ग्राहीला ते चिकटते, तिचे जनुक दुसऱ्या गुणसूत्रावर आहे. या ग्राहीत ६८० व्या जागी काहींना ॲस्परजिन, तर काहींना सेरीन हे ॲमिनो आम्ल असते. आईवडील दोघांकडूनही सेरीनवालीच प्रत आली, तर पाळीच्या सुरुवातीचे एफएसएच थोडे जास्त भरते आणि इंजेक्शनाची मात्राही थोडी अधिक लागू शकते. फरक खरा, पण लहान. म्हणून डोस आजही एएमएच (बीजसाठ्याचा अंदाज देणारे संप्रेरक) ची रक्तचाचणी आणि सोनोग्राफीत मोजलेली बीजपुटके यांवरूनच ठरवतात. निव्वळ डोस ठरवण्यासाठी कोणी महागडी जनुकचाचणी सुचवली, तर तो खर्च टाळलेला बरा. बीजवाढीसाठीच दिल्या जाणाऱ्या क्लोमिफेनच्या गोळीचेही असेच. यकृतातील सीवायपी२डी६ हे विकर तिचे अधिक प्रभावी रूप तयार करते, आणि काहींच्या शरीरात ते मंद असते.

मूल होत नाही म्हटले की गावाकडे औषध आधी सुनेलाच सुरू होते. वास्तविक जनुकचाचणीचा सर्वांत रोकडा उपयोग पुरुषांत आहे. वीर्यात शुक्राणू अजिबात नसतील, तर वाय गुणसूत्राचा एझेडएफ हा शुक्राणुनिर्मितीशी निगडित भाग तपासतात. त्याचे ए, बी आणि सी असे तुकडे आहेत. त्यातला सी तुकडा गळालेला असेल, तर वृषणातून शुक्राणू मिळण्याची बऱ्यापैकी आशा असते. ए किंवा बी पूर्ण गळालेला असेल, तर जवळजवळ नसतेच, आणि शस्त्रक्रियेचा त्रास व पैसा वाचतो. सी गळालेल्या पुरुषाला उपचाराने मुलगा झाला, तर हाच दोष त्याच्याकडेही जातो. हे जोडप्याला आधी सांगायला हवे.

पूर्व विदर्भात याहून महत्त्वाचे जनुक सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे. अकराव्या गुणसूत्रावरील बीटा-ग्लोबिन जनुकात एकाच अक्षराचा बदल असतो. एक प्रत बदललेली असेल तर वाहक (एएस), दोन्ही असतील तर ग्रस्त (एसएस). वाहक स्त्रीला बीजवाढीचा उपचार सहसा नेहमीसारखाच देता येतो. ग्रस्त स्त्रीची गोष्ट वेगळी. इंजेक्शनांनी इस्ट्रोजेन वाढते, रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढतो. बीजांडकोश अतिउत्तेजित झाला तर पोटात पाणी साठते, रक्त घट्ट होते आणि अंगदुखीचा तीव्र झटका येऊ शकतो. म्हणून मात्रा कमी ठेवतात, अतिउत्तेजना टाळणारी पद्धत निवडतात, गुठळ्या रोखण्याचे औषध द्यायचे का ते तपासतात, आणि हे सारे रक्तरोगतज्ज्ञाला सोबत घेऊन करतात. गडचिरोलीच्या आतल्या तालुक्यातून वारंवार सोनोग्राफीसाठी नागपूर गाठणाऱ्या रुग्णाने सिकलसेलचा अहवाल पहिल्याच भेटीत दाखवलेला बरा.

सिकलसेलवरचे हायड्रॉक्सियुरिया पुरुषांत शुक्राणूंची संख्या घटवू शकते. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात, त्यामुळे औषध थांबवलेच तर काही महिने आधी थांबवावे लागते. परस्पर बंद केल्यास झटके परततात.

दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भधारणेत ग्रस्त बाळाची शक्यता चारात एक. टेस्ट ट्यूब बेबी उपचारात गर्भाशयात सोडण्यापूर्वी भ्रूणाची तपासणी करता येते. १९९४ च्या प्रसवपूर्व निदान कायद्याने लिंगनिदानाला बंदी घातली आहे, हिमोग्लोबिनच्या आजारांच्या तपासणीला मात्र नोंदणीकृत केंद्रात मुभा आहे. भ्रूणतपासणीचा खर्च पेलत नसेल, तर गर्भ राहिल्यावर अकराव्या आठवड्याच्या सुमारास वारेच्या पेशी काढून हेच निदान करता येते.