तुळशीपत्र ठेवल्यावर

चतुर्थीच्या सकाळी गिरगावातल्या घरात पाटावरच्या मूर्तीच्या तोंडावरचा रुमाल काढतात. गुरुजी तिच्या छातीला हात लावून ‘अस्यै प्राणाः प्रतिष्ठन्तु’ म्हणतात, तुपात बुडवलेली दूर्वा डोळ्यांना टेकवतात. कालपर्यंत ती पैसे मोजून कारखान्यातून आणलेली वस्तू होती. आता ती आमची नाही. आम्ही तिच्या दिमतीला.

‘प्रतिष्ठा’ या शब्दाचा मूळ अर्थ स्थिर उभं राहणं. मानमरातब नंतर चिकटला. धर्मशास्त्रात तिच्या जोडीला ‘उत्सर्ग’ येतो, आणि मला तो जास्त मोलाचा वाटतो. दानाला घेणारा लागतो; उत्सर्गात फक्त आपला हक्क सोडायचा. विहीर, तळं, बाग यांचा उत्सर्ग करताना मालक पाणी सोडतो आणि ती सर्व प्राणिमात्रांसाठी मोकळी करतो. मुंबईच्या हायकोर्टात वकिली करणाऱ्या पां. वा. काणे यांनी हा सगळा विचार बारकाईने मांडला आहे. पण शास्त्र न वाचलेल्या आजीलाही तो ठाऊक असतो. ‘घरादारावर तुळशीपत्र ठेवलं’ असं ती म्हणते, तेव्हा हक्क सोडला हाच अर्थ असतो. पावित्र्य आधी येतं ते या सोडण्यातून.

मग देवापुढे वाहिलेला पैसा कोणाचा? गुजरातेतल्या डाकोरच्या रणछोडरायाच्या, म्हणजे कृष्णाच्या, देवळातल्या सेवकांचं म्हणणं होतं, आमचा. १८८७ साली मुंबई हायकोर्टाने ते मानलं नाही. वाहिलेलं धन देवस्थानाचं; सेवकांनी ते विश्वस्त म्हणून सांभाळायचं आणि हिशेब द्यायचा. देव ही कायद्याच्या नजरेत मालमत्ता धारण करणारी व्यक्ती ठरली. भक्ताने सोडलेला हक्क मधल्यामध्ये दुसऱ्याने उचलायचा नाही, हे त्यातून पक्कं झालं.

सोडायचं ते स्वतःचं असावं लागतं. इथेच आपण घोर चूक केली. खंडोबाला मुरळी वाहिली, यल्लम्माला जोगतीण सोडली. मुलगी ही आईबापाची मालमत्ता नव्हती, तरी तिच्यावर तुळशीपत्र ठेवलं गेलं. त्यांतल्या कितीतरी जणी शेवटी कामाठीपुऱ्यात आल्या. मुंबई इलाख्याने १९३४ साली देवदासी संरक्षण कायदा केला: मुलीची संमती असो वा नसो, तिला देवाला वाहणं बेकायदा, आणि अशा स्त्रीने केलेलं लग्न वैध. तो कायदा धर्माच्या आड आला असं मला वाटत नाही. वाहण्याचा खरा अर्थ त्याने राखला.

घरच्या गणपतीत तर वाहिलेला देवही धरून ठेवत नाहीत. उत्तरपूजेला अक्षता टाकून ‘पुनरागमनाय च’ म्हणतात, मूर्ती जागची जराशी हलवतात. एवढ्या हलवण्याने देवपण निघतं, मग तिच्या हातावर दही ठेवून निघायचं. चौपाटीवरून परतताना त्याच पाटावर मूठभर वाळू असते.