बॅटरी कोणाच्या कामाची आणि कोणाच्या नाही: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

वरुड-मोर्शी भागातील आमच्या ग्राहकांना आम्ही सरसकट बॅटरी सुचवत नाही. जिथे विजेची गरज थोडी असते, पण लाइन गेल्यावर नुकसान मोठे होते, तिथेच साठवलेल्या विजेचे पैसे वसूल होतात, असा आमचा अनुभव आहे.

गावातील दूध संकलन केंद्राचेच पाहा. फॅट तपासण्याचे यंत्र, इलेक्ट्रॉनिक काटा, संगणक आणि प्रिंटर यांना मिळून साधारण २०० वॅट लागतात. ऐन संध्याकाळी लाइन गेली की किटल्या घेऊन आलेली माणसे अंधारात ताटकळतात आणि उन्हाळ्यात दूध नासू लागते. १२.८ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांच्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीत १,२८० वॅट-तास वीज मावते. इन्व्हर्टरमधील घट धरूनही तेवढ्यावर केंद्र साडेचार तास चालते. नेहमीची १५० अँपिअर-तासांची, पाणी भरायची बॅटरी कागदावर १,८०० वॅट-तासांची आणि स्वस्त असली, तरी ती रोज निम्म्याहून जास्त उतरवली की लवकर बसते, आणि आपल्याकडच्या ४५ अंशांच्या मे महिन्यात, तेही टिनाच्या खोलीत, तिचे आयुष्य झपाट्याने घटते. अशी एक बॅटरी आम्हीच एका केंद्रात बसवली होती. दुसऱ्या उन्हाळ्यात झाकण उघडले तेव्हा पाणी प्लेटांच्याही खाली गेलेले होते. ती निवड आमची चुकली होती.

रोही (नीलगाय) आणि रानडुकरांना दूर ठेवण्यासाठी कुंपणाच्या तारेला लावायच्या झटका मशीनला तर काही वॅटच पुरतात, त्यामुळे लहान सौर पॅनेल आणि १२ व्होल्टची बॅटरी रात्रभराची राखण करते. मात्र ढगाळ दिवसांसाठी किमान तीन रात्रींचा साठा धरावा. कुंपणात थेट घरची लाइन कोणीही सोडू नये, त्याने माणसे मरतात. अंडी उबवण्याच्या लहान यंत्रालाही बॅटरी उपयोगी आहे, कारण २१ दिवस ऊब सलग टिकावी लागते.

पाच एचपीच्या पंपासाठी मात्र आमच्याकडे बॅटरी मागू नये. तो तासाला सुमारे चार युनिट खातो आणि सुरू होताना कितीतरी पट जास्त करंट ओढतो. त्यापेक्षा दिवसा लाइन असताना किंवा सौर पंपावर पाणी उपसून टाकीत वा शेततळ्यात साठवणे केव्हाही स्वस्त पडते.

दुकानात येण्यापूर्वी आठवडाभर लाइन केव्हा गेली आणि केव्हा आली याची नोंद ठेवावी, आणि प्रत्येक यंत्रावरील, वॅट लिहिलेल्या पट्टीचा फोटो सोबत आणावा.