चीक (मातेचा)

चीक : प्रसूतीनंतर पहिले दोन-तीन दिवस मातेच्या स्तनांतून येणारा घट्ट, पिवळसर स्राव, वैद्यकातील संज्ञा कोलोस्ट्रम. खरवसाच्या चिकाहून याचे कार्य काहीसे वेगळे आहे. वासराला प्रतिपिंडे (रोगजंतूंशी लढणारी प्रथिने) जवळजवळ सर्वस्वी चिकातूनच मिळतात. मानवी अर्भकाला रक्तातील प्रतिपिंडे वारेतून आधीच पोहोचलेली असतात. चिकातील आयजीए प्रतिपिंडे मुख्यतः आतड्याच्या अस्तराचे रक्षण करतात.

चीक गरोदरपणाच्या मध्यापासूनच तयार होऊ लागतो, पण वारेतील प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक दुधाचा ओघ रोखून धरते. वार पडली की ते झपाट्याने घटते आणि दूध तयार करवणाऱ्या प्रोलॅक्टिन या संप्रेरकाला वाट मोकळी होते. ग्रंथीपेशींमधील फटी मिटतात, स्रावातील सोडियम कमी होते, लॅक्टोज (दुधातील साखर) वाढते व साधारण 30 ते 72 तासांत दूध उतरते. पहिलटकरणीला, सिझेरियननंतर वा मधुमेहात थोडा उशीर लागू शकतो. पहिल्या दिवशीचा चीक जेमतेम 30–40 मिलिलिटर भरतो. थेंब स्तनाग्रावर ओघळत नाही, चिकटून राहतो. ‘अंगावर दूधच नाही’ ही घरातली तक्रार बहुधा एवढ्यावरूनच उठते.

चीक पाजावा की पिळून टाकावा, याबाबत आयुर्वेदाच्या संहितांचे दाखले दोन्ही बाजूंनी दिले जातात. चरकसंहितेत मध-तूप चाटवल्यावर लगेच उजवा स्तन देण्यास सांगितले आहे. सुश्रुतसंहितेनुसार (काळ विवाद्य, सध्याची संहिता इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतील असावी) स्तन्य तिसऱ्या-चौथ्या रात्री प्रवर्तते आणि तोवर मध-तुपाची योजना आहे. पाजण्यापूर्वी थोडे दूध पिळून टाकावे, असेही तेथे आहे. चीक टाकण्याच्या चालीचे मूळ काही अभ्यासक यात पाहतात. तथापि संहितेने दिलेले कारण तुडुंब भरलेल्या स्तनामुळे बाळाला होणारा खोकला व वांती हे आहे; त्यात चिकाला दोष दिलेला नाही. तिसऱ्या-चौथ्या रात्रीचा उल्लेखही दूध उतरण्याच्या काळाशी जुळतो, त्यामुळे तो निरीक्षण म्हणून वाचणे अधिक सयुक्तिक वाटते. मध मात्र आता वर्षाच्या आत वर्ज्य मानतात. त्यातील क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जीवाणूचे बीजाणू अर्भकाच्या आतड्यात रुजू शकतात.

नाशिक परिसरात बाळंतिणीचा आहार (हळीव, डिंकाचे लाडू, मेथी) आणि पाचवी-सटवाईचे पूजन इतरत्र आहे तसेच. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या आदिवासी तालुक्यांतील सुईणींच्या पद्धतींविषयी छापील साहित्य थोडे आहे. जन्मानंतर तासाभरात अंगावर घेणे व सहा महिने निव्वळ स्तनपान ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस जिल्ह्यातही आरोग्यसेवेचे धोरण आहे. दवाखान्यात प्रसूती झाल्यास आशा कार्यकर्तीची पहिली गृहभेट तिसऱ्या दिवशी ठरलेली असते, म्हणजे बहुधा दूध उतरत असतानाच. बाळ स्तनाला नीट लागते का, हे ती तेव्हा पाहते.