घरी पाठवायचं की गल्ल्यावर बसवायचं?

लातूरला क्लासच्या पोरांची मेस चालवताना आचाऱ्याला जुलाब लागले, की मालकाचा तोडगा ठरलेला: "आज पोळ्या राहू दे, भांडी घास." घोटाळा इथंच होतो. आजारी माणसाला घरी पाठवणं वेगळं आणि कामावर ठेवून अन्नापासून लांब ठेवणं वेगळं. तो किती गळालाय यावर हे ठरत नाही. जंतू कुठून बाहेर पडतोय, यावर ठरतं.

उलटी, जुलाब, पिवळे डोळे: सरळ घरी. भांडी नाहीत, गल्लाही नाही. घासलेलं ताट त्याच हातानं रचलं जातं आणि संडास सगळ्यांचा एकच असतो. शेवटच्या उलटीनंतर किंवा जुलाबानंतर पूर्ण 48 तास जाऊ द्या. गोळीनं जुलाब बांधले, तरी पोटातला जंतू मेलेला नसतो. म्हणून गोळीचा असर उतरल्यावरच तास मोजायला लागा. काविळीत डोळे पिवळे झाल्यापासून किमान 7 दिवस आणि वर डॉक्टरांची चिठ्ठी. दूषित अन्नपाण्यातून होणाऱ्या काविळीचा विषाणू डोळे पिवळे होण्याआधीच विष्ठेतून सर्वाधिक पडत असतो, त्यामुळे स्वयंपाकघरातल्या बाकीच्यांवरही नजर हवी. टायफॉइड झालेल्याला बरं वाटलं तरी विष्ठेची तपासणी साफ आल्याशिवाय घेऊ नका.

ताप नाही, नुसतं नाक वाहतंय, शिंका येतायत, अशा माणसाला गल्ल्यावर बसवा, पोती मोजायला लावा. उघडं अन्न आणि धुतलेली ताटं-वाट्या मात्र त्याच्याकडं नकोत. घसा दुखतोय आणि सोबत तापही असेल तर घरीच.

बोट कापलं असेल तर पाणी न शिरणारी पट्टी आणि वर हातमोजा. पट्टी टिकत नसेल किंवा पू उघडा असेल, तर अन्नाच्या कामातून बाजूला. कुंथलगिरीच्या पेढ्यासारख्या खव्याच्या कामात तर यात सूट नकोच: जखमेतला जंतू उन्हाळ्यात बाहेर राहिलेल्या खव्यात विष तयार करतो आणि खवा परत गरम केला तरी ते विष जात नाही.

अन्नसुरक्षा कायद्यानुसार वर्षातून एकदा कामगारांच्या आरोग्य तपासणीचा दाखला लागतो. तो बहुतेकांच्या फायलीत असतोही, पण तो तपासणीच्या दिवसापुरताच खरा. रोज सकाळी कामाला लावण्याआधी पोट कसंय ते विचारा, आणि आजारपणाचा रोज कापू नका; नाहीतर जुलाब लागलेत हे कुणी सांगणारच नाही.

टँकरवर दिवस काढताना हात धुवायला बादली नको, तोटी लावलेला ड्रम ठेवा. बादलीत सगळेच हात बुडवतात. साबणानं 20 सेकंद. सॅनिटायझरवर भागवू नका, उलट्या-जुलाबाच्या नोरोव्हायरसवर तो फारसा चालत नाही.