सोर्सबांधणी, जुन्या कंपायलरवरची

सर्व्हरवर चालणारे सॉफ्टवेअर तयार पॅकेजातून न बसवता त्याची मूळ संहिता (सोर्स) उतरवून घ्यायची आणि यंत्रावर आधीपासून असलेल्या जुन्या कंपायलरनेच, म्हणजे संहितेचे यंत्राला चालवता येईल अशा रूपात भाषांतर करणाऱ्या प्रोग्रामने, ते बांधायचे, अशी पद्धत. अपाची व एन्जिनएक्स हे वेबसर्व्हर, पोस्टग्रेस हा डेटाबेस, शिवाय पायथन असे बरेच काही या रीतीने बांधले जाते. ‘कॉन्फिगर’ (यंत्र तपासणे), ‘मेक’ (बांधणे), ‘मेक इन्स्टॉल’ (बसवणे) हा आज्ञांचा क्रम वाचकाला ठाऊक आहे असे येथे धरले आहे.

‘कंपायलर’साठी मराठीत ‘संकलक’ हा शब्द योजतात. कोश रचणाराही संकलकच, त्यामुळे नोंद लिहिताना थोडी पंचाईत होते. पण शब्दाचे मूळ पाहिले तर तो अगदीच आडवाटेचा नाही. ग्रेस हॉपर यांनी युनिव्हॅक-१ साठी १९५१-५२ च्या सुमारास रचलेली ‘ए-०’ ही प्रणाली पहिला कंपायलर म्हणून सामान्यतः सांगितली जाते. तिचे काम मात्र भाषांतराचे नव्हते. टेपवर साठवलेली उपकार्ये क्रमांकावरून शोधून ती एकापुढे एक जुळवणे, एवढेच ती करी. आज हे काम लिंकर आणि लोडर करतात. म्हणजे ते खरोखरच संकलन होते, आणि आजच्या कंपायलरला ‘अनुवादक’ म्हणणे अधिक सयुक्तिक ठरले असते. अनुवाद करणाऱ्या कंपायलरचा पहिला मान काही अभ्यासक ॲलिक ग्लेनी यांच्या ऑटोकोडला देतात (मँचेस्टर मार्क-१, १९५२). कोराडो बोम यांनी झुरिक येथील प्रबंधात, बहुधा १९५१ मध्येच, कंपायलर त्याच्याच भाषेत लिहून दाखवला होता. पण ते काम कागदावरचे. आयबीएम ७०४ वरील फोरट्रान १९५७ मध्ये वापरकर्त्यांच्या हाती आला आणि व्यवहारात टिकला, म्हणून जुने संदर्भग्रंथ त्याच्यापासूनच सुरुवात करतात. ‘पहिला’ म्हणजे चाललेला पहिला असे मानले, तर ग्लेनी यांचे पारडे जड वाटते.

‘जुना कंपायलर’ ही सापेक्ष गोष्ट आहे. सेंटओएस ६ या लिनक्स प्रणालीबरोबर जीसीसी या कंपायलरची ४.४.७ ही आवृत्ती येत असे, सेंटओएस ७ बरोबर ४.८.५. या दोन्हींत सी भाषेचे गृहीत मानक १९९० चे. जीसीसी ५ पासून (२०१५) ते २०११ चे झाले. त्यामुळे ‘फॉर’च्या कंसातच चल घोषित करणारी साधी ओळही जुन्या कंपायलरला खटकते आणि ‘हे फक्त सी-९९ मध्ये चालते’ असे सांगून तो थांबतो. येथे संहिता चुकलेली नसते, कंपायलरही बिघडलेला नसतो. सीफ्लॅग्जमध्ये (कंपायलरला द्यायच्या पर्यायांच्या यादीत) जीएनयू-९९ हे मानक स्पष्ट दिले की गाडी पुढे सरकते. सी++ मध्ये मात्र इतके सोपे नाही. ४.४ ला ‘सी++११’ हे नावच कळत नाही, ‘सी++०एक्स’ एवढेच कळते, आणि तेही अर्धवट. उलट बाजूही आहे. जीसीसी १० पासून (२०२०) एकच वैश्विक चल दोन फाइलींत सैलपणे घोषित केलेला चालत नाही, आणि जीसीसी १४ मध्ये (२०२४) न घोषित केलेले फंक्शन वापरणे ही थेट चूक ठरते. म्हणून १९९० च्या दशकातली संहिता बांधायला जुना कंपायलर हाताशी असणे ही अडचण नसून सोय असते.

मुद्दाम जुन्या यंत्रावर बांधण्याचे आणखी एक कारण जीलिबसी, म्हणजे लिनक्सवरील बहुतेक प्रोग्राम ज्यावर विसंबतात ते मूलभूत फंक्शनांचे ग्रंथालय, हे आहे. जुन्या जीलिबसीवर बांधलेला प्रोग्राम सहसा नव्यावर चालतो. नव्यावर बांधलेला जुन्यावर ‘जीलिबसी २.१४ सापडत नाही’ अशी तक्रार करून थांबतो. बऱ्याचदा कारण मेमसीपीवाय या स्मृतीतला मजकूर नकलणाऱ्या एकाच फंक्शनची बदललेली आवृत्ती असते. पायथनची सर्वत्र चालणारी पॅकेजेही याच हिशेबाने दीर्घकाळ जुन्या सेंटओएसवर बांधली गेली.

कंपायलरच नवा करायचा तर पायऱ्या लागतात. जीसीसी ४.८ पासून स्वतः सी++ मध्ये आहे आणि जीसीसी ११ बांधायला सी++११ जाणणारा कंपायलर लागतो. ४.४ वरून थेट ११ वर जाता येत नाही, आधी ४.८ किंवा त्यापुढची एखादी मधली आवृत्ती बांधावी लागते.

कोकण किनारपट्टीवर या पद्धतीला एक वेगळी अडचण येते. पावसाळ्यात लाइट जाते. मेक ही आज्ञा फाइलींच्या वेळा ताडून काय पुन्हा बांधायचे ते ठरवते, त्यामुळे एरवी काम तुटले तरी ते तिथूनच पुढे चालू होते. पण वीज अचानक गेली तर अर्धी लिहिलेली ऑब्जेक्ट फाइल (एका संहिता-फाइलीचे भाषांतरित रूप) शून्य बाइटांची राहू शकते. तिची वेळ ताजी असल्याने मेक तिला हात लावत नाही आणि शेवटी लिंकर ‘फाइल ओळखता येत नाही’ म्हणून अडतो. रत्नागिरीजवळच्या एका प्रयोगशाळेत प्रस्तुत लेखकाने याच्या पुढचा प्रकार पाहिला. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलेला होता, लाइट आल्यावर घड्याळ काही वर्षे मागे गेले आणि आदल्या दिवशीच्या सगळ्या फाइली भविष्यातल्या ठरल्या. मेकने ‘घड्याळात तफावत, बांधणी अपुरी असू शकते’ एवढीच सूचना दिली. नेट बंद असल्याने वेळ आपोआप सुधारली नाही. अशा वेळी घड्याळ हाताने लावून ‘मेक क्लीन’ करणे (बांधलेले सारे पुसून पुन्हा सुरुवात करणे) हाच उपाय. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या तालुक्यांत कित्येक दिवस वीज नव्हती. तिथे इन्व्हर्टरच्या भरवशावर काही बांधण्याचा प्रश्नच नव्हता.

कमी रॅमच्या यंत्रावर कंपायलर मध्येच ‘किल्ड’ म्हणून मरतो. स्वॅप (रॅम अपुरी पडल्यास वापरली जाणारी डिस्कवरची जागा) वाढवावी आणि एका वेळी एकच काम चालवावे.

सोर्समधून बांधलेल्या सॉफ्टवेअरला पॅकेज-व्यवस्थेचे सुरक्षा अद्यतन लागू होत नाही. एप्रिल २०१४ च्या हार्टब्लीड या सुरक्षा-दोषाने ओपनएसएसएल या सांकेतिक संदेशवहनाच्या ग्रंथालयाच्या १.०.१ ते १.०.१एफ या आवृत्त्या बाधित झाल्या. ज्यांनी हौसेने नवी आवृत्ती बांधली होती ते सापडले, जुन्या ०.९.८ वर राहिलेले वाचले. सेंटओएस ७ ची मुदत ३० जून २०२४ रोजी संपल्यामुळे त्यावरील अशा बांधणीची जबाबदारी आता पूर्णपणे चालवणाऱ्याची आहे.

पुनर्बांधणीसाठी मूळ फ्लॅग, म्हणजे पहिल्या वेळी ‘कॉन्फिगर’ला दिलेले पर्याय, लागतात. अपाची ते बांधणीच्या फोल्डरात ‘कॉन्फिग.नाइस’ या फाइलीत ठेवतो, एन्जिनएक्स मोठ्या ‘व्ही’ पर्यायाने दाखवतो आणि पोस्टग्रेसला ते पीजी-कॉन्फिगकडे विचारता येतात. बांधणारा माणूस पुढे नोकरीसाठी मुंबईला गेलेला असतो, आणि गणपतीत गावी आल्यावर त्याला त्यातले काही आठवेलच असे नाही.