मिस वर्ल्ड

मिस वर्ल्ड : लंडनमध्ये 1951 साली सुरू झालेली आंतरराष्ट्रीय सौंदर्यस्पर्धा. आज चालू असलेल्या अशा स्पर्धांमध्ये ती सर्वांत जुनी. मिस युनिव्हर्स (1952), मिस इंटरनॅशनल (1960) आणि मिस अर्थ (2001) या तिच्या प्रमुख प्रतिस्पर्धी. मराठी वृत्तपत्रांनी तिला कधी ‘विश्वसुंदरी’ म्हटले, कधी ‘जगत्सुंदरी’, आणि मिस युनिव्हर्सलाही ‘विश्वसुंदरी’च म्हटले. 1994 च्या मे महिन्यात सुश्मिता सेन मिस युनिव्हर्स झाली आणि नोव्हेंबरात ऐश्वर्या राय मिस वर्ल्ड. एकाच वर्षात दोन ‘विश्वसुंदरी’ कशा, हा प्रश्न तेव्हा घरोघरी पडला होता. हिंदीतली ‘ब्रह्मांडसुंदरी’ मराठीत काही रुजली नाही. हा घोळ टाळण्यासाठी या नोंदीत मूळ नावेच ठेवली आहेत.

उगम

दुसऱ्या महायुद्धाने पिचलेल्या ब्रिटनने लोकांना उभारी यावी म्हणून 1951 च्या उन्हाळ्यात ‘फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन’ हा देशव्यापी उत्सव भरवला. देशभर नाचघरे चालवणाऱ्या मेक्का कंपनीचे प्रसिद्धीचे काम तेव्हा एरिक मॉर्ली पाहत. उत्सवाच्या गर्दीचा आपल्याही धंद्याला फायदा व्हावा म्हणून त्यांनी लंडनच्या लायसियम बॉलरूममध्ये 29 जुलै 1951 रोजी एक स्पर्धा ठेवली. तिचे नाव होते ‘फेस्टिव्हल बिकिनी काँटेस्ट’. बिकिनी हा पोशाख बाजारात येऊन जेमतेम पाच वर्षे झाली होती, तेव्हा नावातच सगळी जाहिरात आली. ‘मिस वर्ल्ड’ हे बिरुद वृत्तपत्रांनी लावले आणि मॉर्लींनी ते आनंदाने उचलले. स्वीडनची किकी हॉकन्सन पहिली विजेती ठरली. तिला मुकुट चढवला तोही बिकिनीवरच. पोप बारावे पायस यांनी यावर नापसंती व्यक्त केली, आणि पुढच्या वर्षापासून बिकिनीऐवजी अंग अधिक झाकणारा पोहण्याचा पोशाख आला.

मॉर्लींना हा कार्यक्रम एकदाच करायचा होता. अमेरिकेत मिस युनिव्हर्स निघत असल्याचे कळल्यावर त्यांनी तो दरवर्षीचा केला. आदर्श, सेवा, संस्कृती वगैरे शब्द पुढे आले. सुरुवातीला होते ते नाचघराचे गणित. 1959 पासून बीबीसी अंतिम फेरी दाखवू लागली आणि साठच्या दशकाअखेर ब्रिटनमधले दोन कोटींहून अधिक लोक ती पाहत. निकाल उलट क्रमाने, म्हणजे तिसरी, दुसरी आणि मग पहिली असा जाहीर करणे ही मॉर्लींची खूण. आपल्याकडच्या शाळांच्या बक्षीस समारंभांतही आता तीच रीत आहे, अर्थात ती तिथूनच आली असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये.

रीता फारिया

17 नोव्हेंबर 1966 रोजी लायसियममध्येच रीता फारिया विजयी झाली. मिस वर्ल्डचा मुकुट मिळवणारी ती पहिली भारतीय आणि पहिली आशियाई. गोव्याच्या ख्रिस्ती घरातली, मुंबईत जन्मलेली ही मुलगी ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकत होती. भारतातून स्पर्धक पाठवण्याचे काम तेव्हा ‘ईव्हज वीकली’ हे साप्ताहिक करी. आजच्यासारखी प्रशिक्षकांची, केशभूषाकारांची आणि आहारतज्ज्ञांची फौज नव्हती. पोहण्याचा पोशाख पर्सिस खंबाटाकडून उसना घेऊन ती लंडनला गेली. पर्सिस त्याआधीच्याच वर्षी मिस युनिव्हर्सला जाऊन आली होती. डॉक्टरच का व्हायचे, या प्रश्नावर भारताला स्त्रीरोगतज्ज्ञांची गरज आहे, असे तिचे उत्तर होते.

विजेतीला वर्षभर आयोजकांशी करारबद्ध राहावे लागते. त्या वर्षी बॉब होप या विनोदी नटाबरोबर ती व्हिएतनाममधल्या अमेरिकी सैनिकांच्या करमणुकीसाठी गेली आणि भारत सरकारची नाराजी ओढवली. वर्ष संपताच तिने मॉडेलिंग आणि सिनेमा दोन्ही नाकारून लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये वैद्यकीय शिक्षण पुरे केले. पुढे डॉ. डेव्हिड पॉवेल यांच्याशी लग्न करून ती डब्लिनला स्थायिक झाली. नंतरच्या भारतीय विजेत्यांच्या वाटा बहुधा थेट चित्रपटाकडे गेल्या. त्यामुळे डॉ. रीता फारिया-पॉवेल यांचे उदाहरण आजही वेगळे उठून दिसते. 51 वर्षांनी मिस वर्ल्ड झालेली मानुषी छिल्लरही वैद्यकीय महाविद्यालयातूनच आली होती, पण तिची वाट पडद्याकडे वळली.

1970 : पिठाच्या पुरचुंड्या

20 नोव्हेंबर 1970 ची रॉयल अल्बर्ट हॉलमधली अंतिम फेरी हा या स्पर्धेच्या इतिहासातला सर्वांत गाजलेला प्रसंग. स्त्रीमुक्तीवादी कार्यकर्त्या रीतसर तिकिटे काढून, नटूनथटून प्रेक्षागृहात बसल्या होत्या. सूत्रधार होता तोच बॉब होप. त्याने स्पर्धकांची तुलना गुरांच्या बाजाराशी करणारे विनोद सुरू केले, तोच एकीने खुळखुळा वाजवून इशारा दिला. मग पिठाच्या पुरचुंड्या, पत्रके आणि सडका वास सोडणाऱ्या गोळ्या यांचा मारा झाला. होपने मंचावरून पळ काढला. थेट प्रक्षेपण पाहणाऱ्या लाखो घरांत ‘विमेन्स लिबरेशन’ हा शब्द त्या रात्री पहिल्यांदाच पोहोचला.

त्याच रात्रीचा दुसरा पदर वंशभेदाचा आहे आणि तो पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेतून तोवर फक्त गोऱ्या मुली येत. ब्रिटनमधल्या विरोधकांनी आवाज उठवल्यावर मॉर्लींनी तोडगा काढला, तो असा की जिलियन जेसप ही गोरी मुलगी ‘दक्षिण आफ्रिका’ हा पट्टा लावून आली आणि पर्ल जॅन्सन ही कृष्णवर्णीय मुलगी ‘आफ्रिका साउथ’ हा. एका देशाच्या नावातले दोन शब्द उलटे फिरवून दोन देश करण्याचा हा प्रकार होता. निकालात ग्रेनेडाची जेनिफर होस्टन पहिली आणि पर्ल जॅन्सन दुसरी आली. ग्रेनेडाचे शासनप्रमुख (प्रीमियर) एरिक गेअरी परीक्षकांत बसले होते, त्यामुळे निकालावर शंकाही घेतल्या गेल्या. होस्टन पुढे कॅनडात ग्रेनेडाची उच्चायुक्त झाली. गोऱ्या नसलेल्या मुलींना त्या मंचावर पाहून जगभरच्या मुलींना काय वाटले असेल, हे निदर्शकांच्या ध्यानात आले नव्हते, अशी खंत तिने नंतर बोलून दाखवली आहे. दोन्ही बाजू खऱ्या असू शकतात, हे या प्रसंगाबद्दल लिहिणारे अनेकदा विसरतात. दक्षिण आफ्रिकेच्या दुहेरी प्रवेशाचा निषेध म्हणून 1976 मध्ये भारतासह अनेक देशांनी माघार घेतली. पुढे दक्षिण आफ्रिका बाहेर राहिली ती 1991 पर्यंत.

स्पर्धकांवरची बंधने

स्पर्धा दरवर्षी सगळ्या देशांत जाऊन मुली शोधत नाही. प्रत्येक देशात एखाद्या संस्थेला परवाना दिलेला असतो आणि तिने निवडलेली मुलगी त्या देशाचा पट्टा लावते. भारतात हे काम दीर्घकाळ ‘फेमिना मिस इंडिया’कडे आहे. म्हणजे ‘देशाची प्रतिनिधी’ हा शब्दप्रयोग सैलच मानायला हवा, कारण तिला देशाने पाठवलेले नसते, परवानाधारकाने पाठवलेले असते.

स्पर्धक अविवाहित आणि निपुत्रिक असावी ही अट जुनी आहे आणि तिने अनेकींना छळले. 1974 मध्ये ब्रिटनची हेलन मॉर्गन चारच दिवसांत पायउतार झाली, कारण ती कुमारी माता असल्याचे वृत्तपत्रांनी छापले. 1973 ची विजेती, अमेरिकेची मार्जरी वॉलेस हिच्या प्रेमप्रकरणांची चर्चा वाढल्यावर तिचा किताब आयोजकांनीच काढून घेतला. 1980 मध्ये जर्मनीच्या गॅब्रिएला ब्रुमने एका दिवसाच्या आत मुकुट परत केला. 2018 मध्ये ‘मिस युक्रेन’ ठरलेल्या मुलीला मूल असल्याचे कळल्यावर तिचा किताब गेला आणि तिने या नियमालाच जाहीर आव्हान दिले. मिस युनिव्हर्सने विवाहित स्त्रियांना आणि मातांना 2023 पासून दार उघडले.

1972 साली एरिक यांच्या पत्नी ज्युलिया मॉर्ली यांनी ‘ब्यूटी विथ अ पर्पज’ हा उपक्रम सुरू केला. प्रत्येक स्पर्धकाने एखादे समाजकार्य हाती घ्यायचे, अशी त्यामागची कल्पना. 2000 च्या नोव्हेंबरात एरिक यांचे निधन झाल्यापासून स्पर्धेची सूत्रे ज्युलियांकडे आहेत आणि हा उपक्रम आता निवडीचा भाग बनला आहे. मानुषीने मासिक पाळीतील स्वच्छतेवर काम केले होते. क्रीडा, कलागुण, मॉडेलिंग अशा उपस्पर्धा आधीच होतात आणि त्यांतल्या विजेत्या थेट पुढच्या फेरीत जातात.

शेवटचा प्रश्न हा मात्र प्रेक्षकांच्या दृष्टीने खरा खेळ. 2000 साली सर्वांत यशस्वी हयात स्त्री कोण, या प्रश्नावर प्रियांका चोप्राने मदर तेरेसांचे नाव घेतले. त्या तीन वर्षांपूर्वीच निवर्तल्या होत्या. तरीही प्रियांकाच जिंकली. याउलट अनुभव नागपूरच्या मधू सप्रेचा, तोही मिस युनिव्हर्समधला. 1992 मध्ये बँकॉकला तिला विचारले गेले की देशाची सूत्रे हाती आली तर काय कराल. मूळची खेळाडू असलेली मधू म्हणाली, जगातले सर्वांत मोठे क्रीडांगण बांधीन. गरिबी हटवीन म्हटले असते तर काय झाले असते, यावर आपल्याकडे बरीच वर्षे वाद रंगला. ती तिसरी आली. पाठ केलेल्या उत्तरापेक्षा तिचे उत्तर निदान तिचे स्वतःचे होते. पुढच्याच वर्षी मिस युनिव्हर्सला गेलेली नम्रता शिरोडकर ही ‘ब्रह्मचारी’ या 1938 च्या बोलपटात पोहण्याच्या पोशाखात दिसून खळबळ उडवणाऱ्या मीनाक्षी शिरोडकरांची नात. मराठी पडद्यावर तो पोशाख मिस वर्ल्डच्याही तेरा वर्षे आधी आला होता.

भारत : विजय आणि विरोध

रीता फारियानंतर 28 वर्षे भारताला मुकुट नव्हता. मग ऐश्वर्या राय (1994, सन सिटी), डायना हेडन (1997, सेशेल्स), युक्ता मुखी (1999, लंडन) आणि प्रियांका चोप्रा (2000, लंडन) अशी रांग लागली. 2017 मध्ये चीनमधल्या सान्या येथे मानुषीने सहावा किताब मिळवला आणि भारत व्हेनेझुएलाच्या बरोबरीला आला. नव्वदच्या दशकातल्या या यशाचा संबंध 1991 च्या आर्थिक उदारीकरणाशी आणि परदेशी प्रसाधन कंपन्यांना हव्या असलेल्या बाजारपेठेशी जोडला जातो. त्यात तथ्य आहे, पण तेवढ्याने उलगडा होत नाही. परीक्षकांना कंपन्यांनी सांगितले म्हणून मुकुट मिळाले असे मानले, तर त्या मुलींच्या तयारीला शून्य किंमत उरते.

1996 मध्ये अमिताभ बच्चन यांच्या एबीसीएल कंपनीने स्पर्धा बंगळूरला आणली. विरोधात उभे राहिलेले लोक एरवी एका मांडवात बसले नसते. संस्कृतीरक्षक म्हणवणाऱ्या संघटना, डाव्या विचारांच्या महिला संघटना आणि शेतकरी संघटना असे सगळे एकत्र आले, प्रत्येकाचे कारण वेगळे. मदुराईत एका तरुणाने स्वतःला जाळून घेतले. पोहण्याच्या पोशाखाची फेरी भारताबाहेर, सेशेल्सला हलवावी लागली. 23 नोव्हेंबरला चिन्नास्वामी स्टेडियमवर हजारो पोलिसांच्या पहाऱ्यात अंतिम फेरी झाली आणि ग्रीसची इरेन स्क्लिव्हा जिंकली. एबीसीएलला यात मोठा तोटा झाला.

वादाची याहून भयंकर किंमत नायजेरियाने मोजली. 2001 मध्ये तिथल्या अग्बानी दारेगोने मुकुट मिळवल्यामुळे पुढची स्पर्धा अबुजात ठरली. अमीना लवाल या स्त्रीला दगडांनी ठेचून मारण्याची शिक्षा झाल्यामुळे काही स्पर्धकांनी आधीच बहिष्काराची भाषा केली होती. त्यात एका वृत्तपत्रातील मजकुरावरून कडुना शहरात दंगल पेटली आणि दोनशेहून अधिक माणसे मेली. स्पर्धा घाईघाईने लंडनला नेली गेली. 2013 मध्ये इंडोनेशियात बिकिनीऐवजी सारोंग आले, आणि 2015 पासून पोहण्याच्या पोशाखाची फेरीच बंद झाली. ज्या पोशाखाच्या नावाने स्पर्धा जन्मली तोच गेला.

अलीकडचा काळ

ब्रिटनने या स्पर्धेकडे केव्हाच पाठ फिरवली आहे. बीबीसीने 1979 नंतर आणि थेम्स टेलिव्हिजनने 1988 नंतर प्रक्षेपण थांबवले. 1989 मध्ये स्पर्धा प्रथमच लंडनबाहेर, हाँगकाँगला गेली. त्यानंतर जिथे यजमान खर्च उचलायला तयार, तिथे ती जाते : सन सिटी, सेशेल्स, सान्या. आज तिचे खरे चाहते आशियात आहेत. 9 मार्च 2024 रोजी मुंबईच्या जिओ वर्ल्ड कन्व्हेन्शन सेंटरमध्ये ती 28 वर्षांनी भारतात परतली. चेक प्रजासत्ताकाची क्रिस्टीना पिश्कोव्हा जिंकली, आणि या वेळी विरोधाचा मोर्चा दिसला नाही.

पुढच्या वर्षी यजमानपद तेलंगणाने घेतले. वाद झाला तो निराळाच. रामप्पा मंदिराच्या भेटीत स्थानिक स्त्रियांना स्पर्धकांचे पाय धुवायला लावल्याची चित्रफीत पसरली आणि विरोधी पक्षांनी सरकारला धारेवर धरले. इंग्लंडची स्पर्धक मध्येच मायदेशी परतली आणि मिळालेल्या वागणुकीबद्दल तिने जाहीर तक्रार केली, ती आयोजकांनी फेटाळली. 31 मे 2025 रोजी हैदराबादच्या हायटेक्समध्ये थायलंडची ओपल सुचाता चुआंगश्री मिस वर्ल्ड झाली, थायलंडची पहिलीच. आदल्या वर्षी मिस युनिव्हर्समध्ये तिला तिसऱ्या उपविजेतीचा मान मिळाला होता, तो सोडून ती इकडे आली होती. सोळाव्या वर्षी स्वतःच्या स्तनात गाठ आढळल्यापासून ती स्तनकर्करोगाविषयी जागृतीचे काम करते.